उस्ताद, शागीर्द आणि पितळेचा नळ

माझ्या वॅगन-आरच्या पोटाखाली पितळेचा एक छोटासा नळ बसवलेला आहे. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा विज्ञानाचे सर सोडून सगळे हसले. "गाडीला नळ? पाणी येतं का त्यातून?" पाणी नाही, ऑइल येतं. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मी तो नळ उघडतो, इंजिनातलं जुनं ऑइल काढतो आणि नवं भरतो. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने हे उद्योग का करावेत, असा प्रश्न घरातूनही येतो. पैसे थोडे वाचतात हे खरं. पण मोठं कारण असं की, आपण जी वस्तू रोज वापरतो तिच्या आत काय चाललंय हे एकदा तरी आपल्या डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटतं. अब्बा शिवणयंत्र स्वतः उघडून साफ करायचे, ती सवय थोडी माझ्याकडे आली असावी.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी आधी मूळ पद्धत सांगतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं असतं, त्याला आमच्याकडचे मिस्त्री 'चेंबर' म्हणतात. चेंबरच्या बुडाशी एक नट असतो. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल जरा पातळ करायचं, गाडीखाली सरकायचं, पान्याने नट सैल करायचा आणि शेवटचे दोन-तीन आटे बोटांनी फिरवून काढायचे. गंमत याच शेवटच्या आट्यांत आहे. नट सुटला की गरम, काळं ऑइल धारेने बाहेर पडतं आणि बोटांवरून, मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. नट हातातून निसटून ट्रेमध्ये पडतो, मग तो त्या काळ्या डोहात चाचपून शोधायचा. लांबून आलेल्या गाडीचं ऑइल नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापलेलं असू शकतं. हात भाजायला तेवढं पुरेसं आहे.

आणखी एक भानगड आटे जाण्याची. आजकाल बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं आणि नट पोलादाचा. दर वेळी कोणी जोर लावून आवळला, किंवा वाकडा बसवला, की चेंबरचे आटे मरतात. मग नट ठिबकतो आणि खर्च चेंबरपर्यंत जातो.

नळाची कल्पना अगदी साधी आहे. नटाच्या जागी पितळेचा व्हॉल्व्ह कायमचा बसवायचा. त्याच्या आत एक गोळी असते, गोळीला आरपार भोक. बाहेर छोटी दांडी. दांडी फिरवली की भोक वाटेच्या रेषेत येतं आणि ऑइल वाहू लागतं, उलट फिरवली की बंद. घरातल्या गॅसच्या नळीवरचा कॉक पाहा, तसंच. दगड लागून किंवा धक्क्याने दांडी आपोआप फिरू नये म्हणून ती खाचेत बसलेली असते. आधी उचलायची, मगच पाव फेरा फिरवायची. जपानची फुमोटो नावाची कंपनी अशा व्हॉल्व्हसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या प्रकारात दांडी नसते, टोपण असतं. टोपण काढून नळी जोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि वाट उघडते. काही व्हॉल्व्हना खाली तोटी असते, तिला रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक सरळ डब्यात सोडता येतं. एक थेंब जमिनीवर नाही, हाताला डाग नाही.

मला हा नळ दम्माममध्ये नोकरीला असलेल्या मेहुण्याने सुट्टीवर येताना आणून दिला. आणण्याआधी मी त्याला नटाचं माप तीनदा कळवलं होतं, कारण सगळा खेळ मापाचा आहे. बारा मिलिमीटरचा नट वेगळा, चौदाचा वेगळा. त्यातही आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर आहे की दीड, हे पाहावं लागतं. अंतर चुकलं तर व्हॉल्व्ह दोन फेरे बसतो, तिसऱ्याला अडतो, आणि तिथे कोणी जोर केला तर चेंबरचं वाटोळं. जाळीदार आयताला चौकोन बसवण्यासारखं ते आहे.

आता एवढं कौतुक केल्यावर उणी बाजूही सांगायला हवी. व्हॉल्व्ह नटापेक्षा थोडा खाली लोंबतो. आमच्या सोलापुरात एकेका बोळाच्या तोंडाशी लोकांनी आपल्या मनाने घातलेले गतिरोधक पाहिले तर ही काळजी लहान नाही. ज्या गाडीचं चेंबर आधीच खाली आहे तिला तो लावू नये. दुसरं, व्हॉल्व्हच्या आट्यांचं टोक चेंबरच्या आत किंचित वर राहू शकतं, त्यामुळे तळाचं थोडं ऑइल निघत नाही. भोक लहान असल्याने धार बारीक पडते आणि वेळ जास्त लागतो. काही नटांना आतून चुंबक असतं, ते झिजलेल्या लोखंडाचा चुरा धरून ठेवतं, ती सोय जाते. फिल्टर तर हातानेच काढावा लागतो, तिथे थोडे हात काळे होतातच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या वर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो. मी वेल्डरकडून दोन भक्कम लोखंडी उतार करून घेतले आहेत. पुढची चाकं त्यांवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि मगच सतरंजी अंथरायची. नवं ऑइल भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबून डिपस्टिक पुसून पाहायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असली की झालं.

हे सगळं जमल्यावर मला जो प्रश्न पडला त्यासाठी खरं तर हा लेख लिहितोय. इतकी सोपी वस्तू जगात असताना आमच्या भागातल्या एकाही गॅरेजात मला ती कधी दिसली नाही. का?

उत्तर मिळालं ते वर्गातल्या हजेरीपटावरून. नववीतला माझा एक विद्यार्थी सलग अकरा दिवस आला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, अमुक रस्त्यावरच्या गॅरेजात कामाला लागलाय. शाळा सुटल्यावर मी तिकडे गेलो. दोन पाय एका टॅक्सीखालून बाहेर आलेले दिसत होते. पायांवरून मी त्याला ओळखलं नाही. "छोटू, तेरे सर आये देख," असं मिस्त्रीने म्हटलं तेव्हा तो बाहेर सरकला. उजव्या हातात नट होता, कोपरापर्यंत काळं ऑइल ओघळलेलं. त्याने सलाम करण्यासाठी हात उचलला, हाताकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घेतला.

मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मुलाचे वडील आजारी आहेत, घरी दोन बहिणी आहेत, त्याच्या अम्मीनेच हातापाया पडून त्याला इथे ठेवलंय, हे त्यांनी सांगितलं. ते स्वतः अकराव्या वर्षी या धंद्यात आले होते. त्यांचा उस्ताद पान्याने मारायचा, ते कोणावर हात उचलत नाहीत. हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मी माझ्या नळाबद्दल बोललो. त्यांना तो माहीत होता. दुबईहून आलेल्या कोणाच्या तरी गाडीला त्यांनी पाहिला होता. ते हसले आणि म्हणाले, "सर, ये नल तुमारे हात कू बचाया, अच्छी बात है. पन नल गाडी कू लगता, गॅरेज कू नै लगता. मेरे यहां रोज पाच-छे गाड्यां आतीं, हर गाडी का नाप अलग. गिऱ्हाईक बोलता, मेरा हात थोडी काला होता, मैं कायकू पैसे डालूं? और मैं कायकू डालूं? छोटू है ना."

'छोटू है ना.' या तीन शब्दांत अख्खं अर्थशास्त्र आहे. ज्याचा हात भाजतो तो नळ विकत घेऊ शकत नाही. जो घेऊ शकतो त्याचा हात भाजत नाही.

ही गोष्ट सोलापूरची किंवा आमच्या मोहल्ल्याचीच आहे असं नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये धुराड्यांची काजळी काढायला लहान मुलं आत उतरवत. धुराडी अरुंद, मुलं बारीक, म्हणून मुलंच. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिलं की या मुलांना पुढे मोठेपणी होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. व्यवसायामुळे कर्करोग होतो हे तेव्हा पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. 1788 मध्ये कायदा झाला, आठ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये म्हणून. 1803 मध्ये जॉर्ज स्मार्ट याने जोडकाठ्यांचा लांब ब्रश बनवला. मुलाला आत न उतरवता धुराडं साफ होऊ लागलं. म्हणजे रोग माहीत होता, कायदा होता, साधनही होतं. तरीही मुलं धुराड्यांत उतरतच राहिली, कारण मूल ब्रशपेक्षा स्वस्त होतं. ती प्रथा खऱ्या अर्थाने मोडली 1875 च्या कायद्याने. ब्रश आल्यानंतर बहात्तर वर्षांनी.

इंजिनात वापरून काळं झालेलं ऑइल आणि ती काजळी यांचं नातं जवळचं आहे. इंधन जळताना तयार होणारी काजळी आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी काही रसायनं ऑइलमध्ये साठत जातात. म्हणूनच वापरलेलं ऑइल वारंवार आणि जास्त वेळ कातडीला लागू देऊ नये, लागल्यास साबणाने धुवावं, अशी सूचना ऑइलच्या डब्यांवर छापलेली असते. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. नववीतला मुलगा ती वाचू शकतो, पण त्याने ती वाचावी असं कोणाला वाटत नाही. वर्षातून एकदा हात काळे करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात फारसा धोका नाही. रोज पाच गाड्या, वर्षाचे तीनशे दिवस, तिसाव्या वर्षापर्यंत, असा हिशेब मांडला की प्रकरण वेगळं होतं.

आमच्याकडे जुम्याच्या दिवशी दुपारी गॅरेजांसमोर एक दृश्य दिसतं. मुलं कपडे धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासत असतात. वुजूचं पाणी कातडीपर्यंत पोहोचायला हवं, वंगणाचा थर राहून चालत नाही, म्हणून ती जीव तोडून घासतात. काही जण रॉकेल किंवा पेट्रोल लावतात. त्याने डाग जातो आणि कातडीही जाते. नखांच्या कडांना भेगा पडतात, पुढच्या आठवड्याचं ऑइल त्याच भेगांत शिरतं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मला शब्द छळतात. उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात. गॅरेजातला मुलगाही आपल्या मालकाला उस्तादच म्हणतो आणि स्वतःला शागीर्द. आपण ज्याला मिस्त्री म्हणतो तो शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, त्याचाही अर्थ गुरू, निष्णात माणूस. म्हणजे त्या संध्याकाळी एका शागिर्दासाठी दोन उस्ताद समोरासमोर बसून चहा पीत होते. एकाकडे चार वर्षांत पोटाला लागेल असा हुन्नर होता. दुसऱ्याकडे दहावीचं पुस्तक. आईने कोणाला निवडावं?

कायदा मला माहीत आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला 2016 च्या दुरुस्तीने बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून केलेल्या मदतीचा अपवाद सोडून. पण माझा विद्यार्थी पंधरा वर्षांचा आहे. शिक्षणाचा तो हक्क त्याच्या वाढदिवसाबरोबर संपला होता. म्हणून मी कायदा काढला नाही. मी मिस्त्रींना एवढंच म्हणालो, "उस्ताद, सकाळची शाळा मला द्या, दुपारनंतर तो तुमचा. आणि त्याचे हात दोघांचे."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देखते सर."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून काही साध्या गोष्टी ठरवल्या. नळ प्रत्येक गाडीला बसवता येत नाही, हे मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं. पण हात वाचवायला नळच लागतो असं नाही. ऑइल उपसणारं यंत्र मिळतं. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप आत घालायचा आणि वरूनच ऑइल खेचून घ्यायचं. ते एक यंत्र पुष्कळ गाड्यांना चालतं, म्हणजे ते गॅरेजला लागतं, गाडीला नाही. ते अजून घेतलेलं नाही, पैसे साठवणं चालू आहे. तोवर नायट्राइलचे हातमोजे आले. साध्या रबरी मोज्यांपेक्षा ते ऑइलला जास्त टिकतात. लांबून आलेली गाडी असेल तर आधी अर्धा तास थंड होऊ द्यायची, तोवर गिऱ्हाईकाने चहा प्यावा. हात धुवायला रॉकेल बंद. आधी थोडं गोडं तेल चोळायचं, मग साबण.

मुलगा शाळेत येऊ लागला. रोज नाही, आठवड्यातून चार दिवस. एकदा मराठीच्या तासाला व्हॉल्व्हला प्रतिशब्द विचारला तेव्हा वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरून त्याने 'झडप' म्हटलं. शब्द त्याला कुठून मिळाला हे मी विचारलं नाही. मग अर्धा तास झडप, आटे, वंगण, पाना या शब्दांवरच तास रंगला आणि फळ्यासमोर तो उभा होता.

उरला प्रश्न काळ्या ऑइलचा. माझ्या गाडीतून वर्षाला तीनेक लिटर निघतं. ते गटारात ओतलं की पावसाळ्यात नाल्यात, नाल्यातून पुढे शेताच्या पाण्यात. त्याचा तवंग पाण्यावर पसरतो तो दिसतो, विरघळलेलं दिसत नाही. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करवून घेण्याची जबाबदारी आली आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे ते दाराला वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. मी माझं ऑइल जुन्याच डब्यात झाकण घट्ट लावून मिस्त्रींच्या पिंपात नेऊन देतो. ते पिंप कोण नेतं, त्याच्याकडे कागद आहे का, हे विचारायला आम्ही आता सुरुवात केली आहे. पहिल्या व्यापाऱ्याकडे कागद नव्हता. दुसऱ्याची वाट पाहतोय.

ज्यांना हौस आहे त्यांनी नळ जरूर बसवावा, माप नीट घेऊन. ज्यांना नाही त्यांनी गॅरेजात गाडी देताना खुर्चीवर बसून मोबाइल पाहण्याऐवजी एकदा वाकून खाली पाहावं. तिथे कोण आहे, किती वर्षांचा आहे, हातात मोजे आहेत का. नसतील तर मेडिकल दुकानातून एक जोडी आणून द्यावी, आणि शाळेचं विचारावं. मिस्त्री रागावणार नाहीत. निदान माझ्या मिस्त्रींनी तरी चहाच पाजला.